मनगटावरची सवत

प्रिय चिमणे,

फोन सोडून आई पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. डोळे गेल्यापासून तुझ्या बाबांचे कान फार तिखट झालेत. भिंतीपलीकडून बोललेलंही ऐकतात. कागदावरचं तेवढं सुटतं.

तू बोलकं घड्याळ पाठवलंस आणि माझ्या घरात सवत नांदायला आली. बटण दाबलं की बाई वेळ सांगते, शिवाय तासातासाला आपणहून बोलते. काय तो गोड आवाज! ना सर्दी, ना वैताग. आधी दिवसातून पंचवीसदा मला हाक यायची, किती वाजले गं? मी करवादायचे, मी काय घड्याळ गिळलंय का म्हणून. पण त्या हाकेमागून आणखी काहीबाही यायचं. ऊन पडलंय का, शेजारीण आज कुणावर घसरलीय, माझ्या अंगावर कुठला रंग आहे. आता वेळ तिला विचारतात आणि बाकीचं राहूनच जातं.

या वयात एका यंत्रावर जळतेय म्हणून हसशील. हस. पण जळते खरी. मंगळवारी वाचनालयात चार वाजता पुस्तक वाचून दाखवतात, तिथे मी त्यांना घेऊन जायचे. आता तीन चाळीसची बस ते एकटे पकडतात. एकदा विचारलं, येऊ का सोबत? तर म्हणाले, कशाला, ही आहे ना. ही! चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं, पण कुठल्या घड्याळाचे एवढे लाड केलेले मी पाहिले नाहीत.

गेल्या मंगळवारी घड्याळ वीस मिनिटं मागे होतं. बस गेली. पुढच्या बसची वाट बघत तासभर उन्हात उभे राहिले आणि शेवटी तोंड पाडून घरी आले. घड्याळ काढून खणात टाकलं, म्हणाले, आता एकट्यानं बाहेर पडणं नको. तू दुकानदाराला फैलावर घेणार आहेस ना?

घेऊ नकोस. ते अंघोळीला गेले होते तेव्हा बटणं दाबून वेळ मीच मागे केली. वाटलं, एकदा खोटी पडली की तिचा तोरा उतरेल. बसचं डोक्यातच आलं नाही गं. हाक परत आली, पण नुसती वेळ विचारतात, पुढे काही नाही.

काल खणातून तिनं पाच वाजल्याचं सांगितलं. त्यांनी मला विचारलं, किती वाजले गं? मी म्हटलं, पाच वीस. ते म्हणाले, बिघडलेलं घड्याळ आठवडाभर बरोब्बर वीसच मिनिटं मागे राहत नाही. मला रडूच फुटलं. त्यांनी चाचपडत खण उघडला, घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, लाव नीट, उद्या मंगळवार आहे.

तुझीच,
मत्सरी आई