कानातल्या बाई

३ फेब्रुवारी
आले एकदाची! विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात आज पहिला दिवस. दादा म्हणाला, घरात कधी कुणाचं ऐकलं नाहीस आणि आता परक्यांचं ऐकून घ्यायला शिकणार, सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.

खोली छोटीशी. दोन खुर्च्या, टिश्यूचं खोकं आणि भिंतभर आरसा. आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत आमच्या बाई बसतात. त्यांना आम्ही दिसतो, त्या आम्हाला दिसत नाहीत. शिकाऊ मुलीच्या कानात एक बारकं यंत्र घालतात आणि बाई त्यातून सुचवतात. समोरच्यालाही हे आधीच सांगितलेलं असतं. नियम एकच: कानात आलं की जसंच्या तसं बोलायचं, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही. मला हायसंच वाटलं. चुकलंच तर खापर बाईंवर!

१० फेब्रुवारी
माझ्याकडे पहिले आले ते निवृत्त बसचालक. मी त्यांना काका म्हणते. बायको गेल्यापासून त्यांचं जगण्यावरचं मन उडालंय. तिच्याकडेच जावंसं वाटतं, असं सरळ म्हणाले. बाईंनी मला आधीच बजावलं होतं, या माणसाला धरून ठेवायचं, बाकी सगळं नंतर.

काका मग रुमालाची घडी उलगडत बसले. तेवढ्यात कानात हळूच आलं, विचार, पुलावरच्या थांब्यावर डबा घेऊन कोण उभं राहायचं. मी विचारलं. काका ओक्साबोक्शी रडले आणि मग बायकोबद्दल भरभरून बोलत राहिले. मानलं बाईंना!

१७ फेब्रुवारी
आज कानात आलं, त्यांना पायलट म्हण. म्हटलं. काकांचा चेहरा असा उजळला! बायको त्यांना चिडवायला पायलट म्हणायची. दाढी करून आले होते, जेवणही जायला लागलंय. जाताना म्हणाले, पोरी, तुझ्या तोंडून तीच बोलते.

हे सगळं तुम्हाला कसं कळतं, असं मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, मी दोन्ही वेळा एक शब्दही बोलले नाही, तुझं तूच छान चाललं होतं.

थट्टा असेल. पण बाई थट्टा करत नाहीत.

२४ फेब्रुवारी
यंत्र दुरुस्तीला दिलंय. आज माझा कान मोकळा होता. काका बसले आणि आवाज आलाच. अगदी स्पष्ट. सांग, डबा तयार आहे, पुलावर ये.

मी ओठ घट्ट दाबले. तरी बोलले. मीच बोलले.

काका हसले. कधी येऊ, असं विचारलं.

बाई आरशामागून धावत आल्या. काकांच्या मुलाला बोलावून त्यांना त्याच्या हवाली केलं. मला रजेवर पाठवलं. मी आवाजाचं सांगितलं, तर बाईंनी फक्त माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

२६ फेब्रुवारी
दादा म्हणतो, मी जेवताना डबा, डबा पुटपुटते. मला आठवत नाही. भीती वाटते. खूप.

ती काकांची बायको नाही. बायको असती तर म्हणाली असती, नीट जेवा, झोपा. ही फक्त ये म्हणते. आणि जन्मात कुणाचं न ऐकणारी मी हिचं ऐकते —

२७ फेब्रुवारी
काकांना फोन केला. बाहेर पडू नका, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं — ये, एवढंच निघालं. ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मुलगा कामावर. काका चपला शोधत होते, ऐकू आलं —

तोंड माझं राहिलं नाही. हात अजून माझा आहे. हेच पान फाडून दादाला देते, तो धावत जाईल —

काका, पुलावर जाऊ नका. ती तुमची बायको नाही. मुलगा येईपर्यंत घरीच थांबा. दाराला कडी घाला. दोन घास खाऊन घ्या. डबा तयार आहे. पायलट, पुलावर ये. दादालाही घेऊन ये. मी कधीची उभी