आठवी ट्यूब

आईस, तुझ्या वासितीचा लांबूनच गळामिठी मारून नमस्कार.

मी बरी आहे. नारळाच्या रसात शिजवलेले मासे रोज मिळतात. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे बेटावर खरजेची साथ आहे. घरातल्या प्रत्येकाने मानेपासून पायापर्यंत मलम लावायचं, एक जरी सुटला तरी खरूज पुन्हा सगळ्यांना होते, हे सांगत आणि मलमाच्या ट्यूबा वाटत मी घरोघर फिरते. मागच्या सोमवारी उनाइसी आजींकडे गेले. त्यांच्या हातांवरच्या फोडांत पू झाला होता. घरात माणसं सात, आजींनी ट्यूबा मागितल्या आठ.

"आठवी कोणाला?"

"सेकोवेला. त्याला नाही, तर मलाही नको."

सेकोवे त्यांचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी होडीसकट बुडालेला.

मी समजूत घालणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या रिकाम्या चटईवरून नखांनी खाजवल्याचा आवाज आला. भर दुपारी.

"ऐकलंस ना पोरी? बिचाऱ्याला चैन नाही."

मी आठवी ट्यूब दिली. आजींनी आधी चटईवर मलम चोळलं, मग स्वतःला लावून घेतलं. आवाज थांबला.

घाबरू नकोस, आजींचे हात आता सुकतायत. फक्त एक विचारते. बाबा गेल्यापासून त्यांची चटई तू गुंडाळून ठेवली आहेस ना? ती उलगड, आणि जरा वेळ शेजारी बसून ऐक.

तुझ्या आशीर्वादाने सुखरूप असलेली,
वासिती