या पत्त्यावर राहत नाही

जळगाव
२ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या बन्सीलालचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवसांत मिळालं, म्हणजे पोस्ट अजून चाललंय. मी निवृत्त झाल्यावर बंद पडेल असं मला वाटलं होतं. आत्या फोन का घेत नाही, असं भूपेंद्र परवा पुन्हा विचारत होता. मी सांगितलं, फोनवर मी दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणतो, म्हणून अक्काने बारा वर्षांपूर्वी माझा फोन घेणं सोडलं, आणि त्यात तिची काही चूक नाही.

इथे सगळं ठीक आहे, एक गोष्ट सोडून. नूतनच्या व्हिसाची मुदत ३१ मार्चला संपते. भूपेंद्रने मुदतवाढीचा अर्ज जानेवारीतच ऑनलाइन भरला. तेव्हापासून तो रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाइल उघडतो आणि मोबाइल त्याला रोज एकच शब्द दाखवतो, ‘प्रलंबित’. मग तो दात घासतो.

तुझ्या शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारलंय की सून इतक्या छान भाकरी करते, तिला व्हिसा कशाला लागतो. त्यांना सांग, भाकरीवर नागरिकत्व मिळत नाही. नूतन फिलिपिन्सची, दावाओ गावची. परदेशी पाठवायची केळी कशी धुवायची, फण्या कशा कापायच्या, खोक्यात कशा बसवायच्या, हे रावेरकडच्या पॅकहाऊसमधल्या बायकांना शिकवायला ती सहा महिन्यांसाठी आली आणि तिथल्याच सुपरवायझरशी लग्न करून बसली. तो सुपरवायझर आपला भूपेंद्र. लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव काय लिहायचं ते तूच ठरवलंस. आता लग्नाला तीन वर्षं झाली. लग्नाला मुदत नाही, व्हिसाला आहे.

खरी काळजी वेगळीच. तिच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन २२ एप्रिलला ठरलंय. मुदत संपली तरी अर्ज चालू असेपर्यंत नूतनला इथे राहता येतं, पण मंजुरीआधी ती देशाबाहेर गेली तर परत येण्यासाठी सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही. एकुलती एक मुलगी. आई म्हणते येऊ नकोस, आणि दिवसातून तीनदा फोन करते.

चौतीस वर्षं मी या जिल्ह्यात टपाल वाटलं. मनीऑर्डर एक दिवस लांबली तर मला झोप लागत नसे. या लोकांना कशी लागते, देव जाणे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझा,
बन्सी


धुळे
९ मार्च २०२५

चि. बन्सीलाल यास,
नर्मदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. डावा गुडघा वेगळं सांगतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. पुष्पाबाईंना भाकरीचं कळवलं. त्या म्हणाल्या, मग कशावर मिळतं.

तुझ्या झोपेचं वर्णन वाचून मन भरून आलं. पण झोपेने अर्ज पुढे सरकत नाही. भूपेंद्रला घेऊन तू स्वतः त्या कार्यालयात जा आणि कागद कुठे अडलाय ते विचार. आवाज चढवू नकोस. तू आवाज चढवलास की खोकतोस आणि मुद्दा राहून जातो.

एक विचारायचं होतं. आमच्या यांचा पासपोर्ट निघाला तेव्हा पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला होता. हे इथेच राहतात ना, एवढंच विचारलं आणि चहा पिऊन गेला. तुमच्याकडे असं कुणी येऊन गेलं का? आलं नसेल तर तिथेच अडलं असेल. शाळेत मी तीस वर्षं दाखले लिहिले आहेत. कागद अडतो तो बहुतेक एकाच जागी अडतो.

नूतनला सांग, मेथीचे लाडू पाठवते आहे. तिच्यासाठी आहेत. तुझं नाव घातलेलं नाही.

माया आहेच, उत्तर लवकर पाठवलंस तर ती दिसेलही.

तुझी,
अक्का


जळगाव
२१ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
बन्सीलालचा नमस्कार, पायांवर डोकं ठेवून.

लाडू मिळाले. मला त्यातले दोन मिळाले. नूतनने दिले, मी मागितले नव्हते.

काल भूपेंद्रबरोबर कार्यालयात गेलो. तीन खिडक्या झाल्या. चौथ्या टेबलावर अभिमन नावाचे एक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी संगणक उघडला आणि आमच्याकडे वळवला. चौकशी अहवालात लिहिलं होतं, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’ तारीख ६ फेब्रुवारी. म्हणजे सहा आठवडे अर्ज पडून आहे तो यामुळे.

भूपेंद्र खूप चिडला. म्हणाला, पोलीस शिपायाने घरी न येताच अहवाल लिहिला असणार. अभिमन म्हणाले, असं होऊ शकतं, तुम्ही लेखी तक्रार द्या. भूपेंद्र घरी बसून तक्रार लिहितोय.

बाकी विशेष नाही. उन्हाळा सुरू झाला. गुडघ्याला तेल लाव.

लोभ असू दे.

बन्सी


धुळे
२७ मार्च २०२५

चि. बन्सीलाल यास,
अक्काचे आशीर्वाद, आणि एक प्रश्न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ते लहान आहे, म्हणून जमलं.

सरकारी माणसाने चूक केली आणि तू त्यावर चार ओळी लिहून थांबलास, असं तुझ्या वयाच्या बहात्तर वर्षांत झालेलं नाही. मागे दूधवाल्याने पिशवी चुकीच्या दारात ठेवली तेव्हा मला साडेतीन पानं आली होती. आता शिपायाने सुनेला घरातून नाहीसं केलं आणि तू मला गुडघ्याला तेल लावायला सांगतोस.

मी पोलीस घरी आला होता का ते विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. दुपारी भूपेंद्र पॅकहाऊसला असतो. तुझी कुंदा होती तेव्हा दार ती उघडायची. ती गेल्यापासून ओट्यावर तू एकटाच बसलेला असतोस, आणि रस्त्याने मांजर गेलं तरी ते कुणाचं आहे हे तुला ठाऊक असतं.

त्या पोराला तक्रार पाठवू देऊ नकोस. एखाद्या गरिबाच्या नोकरीवर येईल. खरं काय ते लिही.

माया आहे, पण जरा रोखून धरली आहे.

अक्का


जळगाव
३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
तुझ्या अपराधी भावाचा शि. सा. न. वि. वि.

हे वाचून झालं की दोन दिवस मला पत्र लिहू नकोस, मग लिही.

शिपाई आला होता. भटू त्याचं नाव, साक्रीकडचा, वयाने लहान, बोलायला गोड. भर दुपार होती. हातातल्या कागदावरून त्याने नाव वाचलं. ते असं होतं: डेला क्रूझ मारिसेल अबेयाना. अक्का, मला वाटलं तीन माणसं आहेत. त्याने विचारलं, ही बाई इथे राहते का. मी चौतीस वर्षांच्या सवयीने उठून उभा राहिलो. पत्ता बरोबर आणि नाव चूक असलं की पोस्टमनने काय करायचं हे मला झोपेतही सांगता येतं. तो आपल्या बोलीत बोलत होता, म्हणून मीही बोलीतच सांगितलं, “आठे त्या नावनी कोनी नही शे, भाऊ.” वर त्याला पाणी दिलं आणि मागच्या गल्लीत एक दवाखाना आहे, तिथे केरळच्या नर्सबाई राहतात, तिथे विचार असं सुचवलं. तो आभार मानून गेला. चुकीच्या माणसाच्या हातात टपाल पडलं नाही, या समाधानात मी तासभर झोपलो.

तिचं माहेरचं काहीतरी वेगळं नाव आहे हे मला माहीत होतं, नाही असं नाही. पण लग्नपत्रिकेत नूतन, पॅकहाऊसमध्ये नूतनवहिनी, गल्लीत नूतन, आणि भूपेंद्र तिला ‘अगं’ म्हणतो. नोंदणीच्या वेळी जिथे बोट दाखवलं तिथे मी सही केली. अर्जाची कागदपत्रं सगळी भूपेंद्रने केली. तीन वर्षं माझ्या घरात राहते आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. अहवाल पाहिला त्या क्षणी मला सगळं आठवलं आणि मी गप्प बसलो. भूपेंद्र शिपायाला बोलत होता आणि मी मान हलवत होतो. याची मला जास्त लाज वाटते.

तुझं पत्र आल्यावर भूपेंद्रची तक्रार थांबवली, त्याला खरं सांगितलं आणि मी एकटा अभिमन यांच्याकडे जाऊन लेखी जबाब दिला. अर्जदार ही माझी सून असून माझ्याच घरी राहते, आधीची माहिती मीच चुकीची दिली. त्यांनी विचारलं, सासऱ्याला सुनेचं नाव माहीत नव्हतं, असं लिहायचं का. मी म्हटलं, लिहा. त्यांनी पेन उचललं, मग ठेवलं आणि म्हणाले, हे नको लिहू या. पुन्हा चौकशी होईल, तीन आठवडे धरा. तीन आठवडे म्हणजे २४ एप्रिल, आणि ऑपरेशन २२ ला.

भूपेंद्र चार दिवस माझ्याशी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ बोलतोय. नूतनला मी अजून सांगितलेलं नाही. भूपेंद्रनेही नाही, तो म्हणाला, तुमचं तुम्ही सांगा. कागद हातात आला की सांगावं असं मनात आहे. आनंदात थोडं खपून जाईल.

जे काही बोलायचं ते बोल.

बन्सी


धुळे
१० एप्रिल २०२५

चि. बन्सीलाल यास,
आशीर्वाद.

दोन दिवस थांबले. पहिला दिवस रागात गेला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिच्या पाठ्यपुस्तकासारख्या मोठ्या नावाच्या जागी मी एक शब्द लिहायला सांगितला आणि मूळ नाव काय आहे ते मीही विचारलं नाही. तुझ्या पत्रातूनच कळलं. तेव्हा मी तुला फार बोलू शकत नाही. थोडं बोलते.

कागद आल्यावर सांगणार असशील तर सांगूच नकोस. ती जायच्या गडबडीत असेल, हसून सोडून देईल, आणि तुला वाटेल मिटलं. आईच्या ऑपरेशनला तिला जाता येत नाही ते तुझ्यामुळे, हे तिला ऑपरेशनच्या आधी कळलं पाहिजे. तिला चिडायचं असेल तर चिडायला वेळ मिळाला पाहिजे. तुला ते सोसवेल. नाही सोसवलं तर इथे ये, पण सांगून ये.

माया रोखलेली होती ती सोडली आहे.

अक्का


जळगाव
२४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
बन्सीलालचा शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी. ऑपरेशन परवा झालं आणि नीट झालं. नूतन पहाटेपासून फोन हातात धरून स्वयंपाकघरात खाली बसून होती, भूपेंद्र तिच्याशेजारी. मी ओट्यावर. दुपारी तिच्या मामांचा फोन आला की आई शुद्धीवर आली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं ते नूतनने मला सांगितलं. मुलगी आली का, असं विचारलं.

भटू पुन्हा येऊन गेला होता, मागच्या आठवड्यात. मी नाव पाठ करून ठेवलं होतं. त्याने विचारायच्या आधीच म्हणून दाखवलं. तो म्हणाला, आबा, आता मला वाचू तर द्या.

आता तू सांगितलेलं काम. ते मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केलं, त्याआधी धीर झाला नाही. चार वाजता तिने चहा आणून ठेवला तेव्हा मी तिला बस म्हटलं आणि सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सबाईंसकट. माझं संपल्यावर ती म्हणाली, “मला माहीत आहे, आबा. मी त्या दिवशी घरातच होते.”

त्या दिवशी पॅकहाऊसमध्ये वीज गेली म्हणून ती लवकर परत आली होती, मागच्या दाराने. मला पत्ता नव्हता. शिपायाने तिचं नाव वाचलं ते तिने ऐकलं आणि मी काय बोललो तेही. आपली बोली तिला कुंदानेच शिकवलेली. बाहेरच्या माणसासमोर मोठ्यांचं बोलणं खोडायचं नाही, हेही कुंदानेच शिकवलेलं. म्हणून ती बाहेर आली नाही. नंतर तरी विचारायचंस, असं मी म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही मला जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय.”

अक्का, आदल्याच दिवशी जेवताना तिने आईच्या ऑपरेशनचा विषय काढला होता आणि मी म्हणालो होतो, तू गेल्यावर या घराचं कसं व्हायचं. चेष्टेत म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी पोलिसाला मी सांगतो की इथे अशी कुणी राहतच नाही. तिने दोन्ही जोडलं. कुणीही जोडलं असतं. अडीच महिने ती पोर असं समजून या घरात वावरली की सासऱ्याने मुद्दाम आपली वाट अडवली, आणि भूपेंद्रला एक शब्द बोलली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्हा दोघांत बिनसलं असतं. मी तिच्यासमोर रडलो, कुंदा गेली तेव्हाही रडलो नव्हतो इतका. ती उठली आणि चहा निवला म्हणून पुन्हा गरम करून घेऊन आली.

काल सकाळी भूपेंद्रने दात घासायच्या आधी मोबाइल उघडला तेव्हा ‘मंजूर’ आलं होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. ती शनिवारी मुंबईहून निघते. काल संध्याकाळी तिकीट निघालं तेव्हा ते घेऊन ती ओट्यावर माझ्याकडे आली. परतीचंही होतं, ७ जूनचं. त्या तारखेवर बोट ठेवून तिने मला दाखवलं. मी विचारलं नव्हतं. मला विचारायला तोंडच नव्हतं.

तुझा लोभ मला कायम लागेल, एवढं कळवतो.

बन्सी