तांबोशीचं डोकं

प्रिय तियोती,

तुझं जहाज सध्या कुठल्या बंदरात आहे कोण जाणे. मी जिवंत आहे, हे आधीच सांगते. बाळाचं मात्र शेवटी सांगेन. आम्हालाही ते लगेच कळलं नव्हतं.

आपली विहीर खारट झाली म्हणून आम्ही दक्षिण टोक सोडून इथं उत्तरेला आलो. बाबांचं आपलं एकच, बेट तेच तर मासाही तोच. पण इथं बोटींना वाट करायला सुरुंग लावून प्रवाळ फोडलंय. तेव्हापासून तिथली तांबोशी विषारी निघते म्हणून इथले लोक ती मांजरालाही घालत नाहीत. बाबांनी नेमकी तिथंच एक धरली. शेजारच्या बेरेतीनं किनाऱ्यावरच हटकलं, "काका, टाका ती परत." बाबा उसळले, "तू नागडा फिरत होतास तेव्हापासून तांबोशी धरतोय मी! ही बघ, माशी बसली हिच्यावर. विषारी माशावर माशी बसते होय रे?" मग रीतीप्रमाणे आधी स्वतः शेपटीकडचा तुकडा खाल्ला, पेलाभर माडी पिऊन होईतो वाट पाहिली आणि डोकं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "पोटुशीचा मान आहे, सूनबाई. माझ्या नातवाला ताकद येऊ दे." त्यातला 'माझ्या' मला बरोबर टोचला. तरी मी डोळ्यांसकट सगळं चाटून पुसून खाल्लं.

विष डोक्यातच जास्त साठतं म्हणतात. दिवस मावळायच्या आत ओठांना मुंग्या आल्या. गार पाणी तोंडात घेतलं तर निखारा ठेवल्यासारखं भाजलं. बाळ पोटात गळाला लागल्यागत तडफडलं आणि एकदम गप्प झालं. इथली सुईण अकिनेतीमावशी दवाखान्यातून धावत आली. पोटाला नळी लावून किती वेळ ऐकत राहिली, पण बोलेना. मी किंचाळले, "बोल ना गं काहीतरी!" तर म्हणते, "एवढी ओरडतेस म्हणजे मरत नाहीस. पड गुमान." आणि नळी पुन्हा पोटाला लावली. मी खूप घाबरले, तियोती.

बाबांनाही मुंग्या आल्या होत्या, पण त्यांनी औषधाला हात लावला नाही. दारातूनच बोलले, आत आले नाहीत. "पहिलं मूल आजोबाच्या मांडीवर द्यायची रीत मी सोडली, सूनबाई. विष वाढलेल्या हातात लेकरू नको. तुझं तूच वाढव."

याच रीतीवरून तू जहाजावर जाईपर्यंत आपण भांडलो. मूल माझ्याजवळ राहावं म्हणून मी किती रडले होते! आता ते न मागता मिळालं, तर नकोसं वाटतंय. एवढा ताठ माणूस आता प्रत्येक मासा बेरेतीला दाखवून विचारतो, "हा चालेल का रे?" चालेल म्हटलं की माझ्यापुढे ठेवतो. स्वतः मात्र नुसत्या नारळाच्या पाण्यावर आहे.

इतक्या दिवसांनी आज सकाळी बाळानं लाथ मारली. चांगली सणसणीत! मावशी हसली, मग रडली. मी बाबांना हाक मारून म्हटलं, या, हात लावून बघा. ते आले, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. म्हणून हे पत्र. माझं ते ऐकत नाहीत, तू त्यांना लिही. मूल त्यांच्याच मांडीवर वाढणार, आणि हे रोतिया स्वतः म्हणतेय, असं लिही. लवकर लिही, ते फार वाळलेत.

तुझीच, अजूनही भांडखोर,
रोतिया