कॅलेंडरमागची किल्ली

मिलर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया
२१ नोव्हेंबर

प्रिय आर्लीन,

तू खुशाल असशील असं धरून चालतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं चर्चमध्ये कळलं. सख्ख्या बहिणीची खबर दुसऱ्यांकडून कळावी, असे दिवस आपण आणले. खरं म्हणजे मीच आणले.

इकडे पहिलं बर्फ पडून गेलं. शनिवारी हरणांची शिकार सुरू होईल, पण बाबांची केबिन यंदा मी उघडलेली नाही. शेजारचा ग्लेन म्हणाला, "काय रे वेंडेल, म्हातारा झालास का?" मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात अग्निशमन केंद्राच्या सोडतीची तिकिटं विकायला आले होते. बक्षीस तेच, भराभर गोळ्या झाडणारी अर्धस्वयंचलित रायफल. मी दार लावून घेतलं. माझ्या डेरेकला सोडतीत ती मिळाली तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि तू उभी राहून म्हणालीस, "या रायफलीनं हरीण मारायचीसुद्धा परवानगी नाही. त्यापेक्षा फ्रीजरभर मटण ठेवा की बक्षीस!" लोक हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. "आमच्या आर्लीनबाईंना निवडणुकीला उभं करा रे," असं ओरडलो तोही मीच.

मग प्रत्येक सणाला जेवणाच्या टेबलावर आपलं तेच. तू म्हणायचीस, कायद्यानंच बंदी हवी, असली बंदूक साध्या माणसाच्या घरात नको. मी म्हणायचो, सरकारवाले आज ही नेतील, उद्या बाबांची नेतील. डेरेक मान खाली घालून बटाटे चिवडत बसायचा.

इथवर लिहून दोनदा कॉफी करायला उठलो. आता लिहूनच टाकतो.

बायको सोडून गेल्यावर डेरेक माझ्याकडे राहायला आला. जेवेना, बोलेना. तेव्हा तू फोन केलास. कायद्याचं अक्षरही काढलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "बंदुकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दे, वेंडेल. पोरगं सावरलं की परत ने." आपल्याकडे हे काही नवीन नाही. ग्लेनची बायको वारली तेव्हा त्याच्या बंदुका महिनाभर मीच सांभाळल्या होत्या. पण तू मागितलीस आणि मला वाटलं, हिनं डाव साधला. "तुझं राजकारण माझ्या पोराच्या दुखण्यात नको," म्हणालो आणि फोन आपटला. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्यावरच राहिली. ती कुठे असते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

एका दमात किती गोळ्या सुटाव्यात यावरून आपण भांडत होतो, आर्लीन. त्याला एकच पुरली.

अंत्यविधीला तू मागच्या बाकावर बसलीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, ते रागानं नव्हे. लाज वाटत होती.

कायद्याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. त्यावर पुन्हा भांडू, पण भांडायला दोघंही असायला हवीत.

पोलिसांनी ती रायफल परत दिली. बाबांच्या बंदुकीशेजारीच ठेवली आहे. हल्ली मी कॅलेंडरसमोर फार वेळ उभा असतो आणि तारीख बघत नसतो. परवा डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी तू मागितलंस तेच मागितलं.

पाकिटात किल्ली आहे. दुसरी नाही. गुडघा साथ देईल तेव्हा ये, ग्लेनला घेऊन ये, कपाट रिकामं करून ने. मग जेवायला थांब.

या वेळी न मागता देणारा,
तुझा भाऊ
वेंडेल