पुढचे ब्रेक

रेगेन्सबर्ग,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना,
वल्लरीचा शि. सा. नमस्कार.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, तो इरा चमच्याने खाते आहे. ती बरी आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींनाही आता त्याचं काही वाटत नाही. थंडी सुरू झाली. तुमच्या गुडघ्याला तेल लावून घेता ना?

तुम्ही प्रत्येक फोनवर आपल्या लेकाच्या गाडीची चौकशी करता आणि मी "होतंय, होतंय" म्हणून विषय बदलते. फोन स्पीकरवर असतो, गौरांग शेजारी बसलेला असतो. म्हणून हे पत्र.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. एकोणसत्तर सालची, लांब नाकाची अमेरिकन गाडी. तिला पळायला सांगावं लागत नाही, थांबायला मात्र विनवावं लागतं, असं तो म्हणायचा. पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून तिथे मोठे डिस्क ब्रेक बसवायचे, हे त्याचं कधीपासूनचं ठरलेलं. मोठी डिस्क जुन्या चाकात मावत नाही, म्हणून चाकंही मोठी घ्यायची. ऑफिसात इतकी वर्षं ब्रेकचंच काम केलेला माणूस. मला काळजी वाटायचं कारण नव्हतं.

उन्हाळ्यात सगळं सामान आलं. चाकं फारच देखणी आहेत, बाबा. ती लावल्यावर गाडी उभ्या जागी रुबाबदार दिसायला लागली. पण ब्रेकचं पेडल काही केल्या घट्ट होईना. तेलात हवा राहिली आहे, म्हणाला. मग रोज संध्याकाळी मी सीटवर बसायची आणि तो चाकाशी. "दाब. धरून ठेव. सोड. दाब." पेडल पावाच्या लादीसारखं मऊच. त्याने तेल बदललं, पंप बदलला, माझ्यावर चिडला, मग माफी मागितली. मी दाबत राहिले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी बेकरीतून परत येत होते, तर तो गाडी बाहेर काढत होता. शेजारी इरा बसलेली. तसल्या पेडलवर! मी हाक मारेपर्यंत गाडी उताराला लागली. "पापा, ब्रेम्झ! ब्रेम्झ डोख!" ब्रेक लाव ना, असं इराचं ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे. गाडी समोरच्या कुंपणाच्या झाडीत घुसून थांबली. इराचा ओठ फुटला, तेवढ्यावर निभावलं. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नाही. ओठ सायकलवरून पडून फुटला, असं सांगितलं होतं.

गौरांग खाली उतरला, गाडीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे ब्रेक कोणी बसवले?"

मला वाटलं, धक्क्याने बोलतोय.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातला मयुरेश आला. खाली वाकून बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, डिस्कला पकडणारे कॅलिपर अदलाबदल झालेत. डावीकडचा उजवीकडे लागलाय. त्यामुळे हवा काढायचा निपल खाली गेला. हवा वर अडकते, कितीही दाबलं तरी निघणार नाही. आणि हे मला दादानेच शिकवलं होतं."

त्याने गौरांगला नीट समजावलं. गौरांग हसला. "गेनाऊ! अगदी बरोबर! असं कसं केलं मी? थांब, मीच करतो." त्याने दोन्ही काढले, पुसले आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत पुन्हा जसेच्या तसे लावले. बोल्ट आवळले आणि म्हणाला, "आल्झो, चल, आता बस आणि दाब."

मी बसले, बाबा. दाबलं. काय करणार होते?

मग मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी त्याला ब्रेक कसा चालतो ते विचारलं. त्याने इतकं छान समजावलं की मला आशा वाटली. मग त्यांनी कागदावर छापलेला एक साधा ठोकळा समोर ठेवला आणि तस्साच काढायला सांगितलं. पेन हातात धरून तो बसून राहिला. मग माझ्याकडे बघितलं, लहानपणी इरा बघायची तसं.

स्कॅन झाले, बाकीच्या तपासण्या झाल्या. अल्झायमर आहे. या वयात क्वचित होतो, पण झाला की वेगाने वाढतो, म्हणाल्या. औषधाने थोडा वेळ मिळेल, बरं होणार नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर तेच मिळालं.

त्याचं ऑफिसला जाणं बंद आहे, गाडी चालवायला मनाई आहे. मयुरेशने मागे एकदा येऊन ब्रेक नीट बसवून दिले. आता पेडल दगडासारखं आहे. आणि गौरांग रोज सकाळी चहा झाला की गॅरेजमध्ये जातो आणि ते खोलायला घेतो. मी बोल्ट खोलायचे पाने लपवले. तेव्हापासून तो घरभर पाने शोधतो, आणि मीही त्याच्याबरोबर शोधल्यासारखं करते. इरा ते बघते आणि खोलीचं दार लावून घेते. मला कुणाजवळ रडायला जागा नाही, बाबा. दुपारी तो झोपला की मी त्या गाडीत जाऊन बसते.

आणखी एक सांगायचं राहिलंय. जन्मभर तो तुम्हाला "अरे बाबा" म्हणत आला. गेल्या रविवारी त्याने तुम्हाला अहो-जाहो केलं आणि तुम्ही हसलात, "काय रे, जर्मन लोकांनी शिस्त लावली वाटतं!" ती थट्टा नव्हती. फोन ठेवल्यावर त्याने मला विचारलं, "फार चांगले गृहस्थ आहेत. कोण होते?" तासाभराने आठवलं, तेव्हा खूप रडला.

बाबा, तुम्ही या. व्हिसाचं, तिकिटाचं सगळं मी बघते. गुडघा दुखत असेल तर विमानतळावर खुर्ची मिळते. उन्हाळ्यात येतो म्हणू नका. समोर बसलात तर तो अजून तुम्हाला ओळखेल, असं मला वाटतं. उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही.

इराचा नमस्कार. गौरांगचाही लिहिते आहे, त्याला न विचारता.

तुमची,
वल्लरी