रिकामा तवा तापवू नये

बेथेल क्रीक, केंटकी
८ ऑक्टोबर

चि. जॅनेल,

तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. फोनवर आपण दोघी एकमेकींना बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहितेय. कागद मध्येच तोडत नाही.

ऑगस्टमध्ये येऊन तू माझ्या स्वयंपाकघरावर जी धाड घातलीस, ती अजून गावात गाजतेय. ओरखडे पडलेले माझे सगळे नॉनस्टिक तवे तू कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकलेस. "आई, हे काळे कण तुझ्या पोटात जातायत, दिसत नाही का तुला?" म्हणालीस. मी म्हटलं, "इतकी वर्षं जातायत, अजून कुठे चिकटले नाहीत." तू हसली नाहीस. मला वाटलं होतं हसशील.

मग माझ्या आईचा बिडाचा तवा कपाटाच्या तळातून काढून, घासूनपुसून, तेल पाजून तूच शेगडीवर ठेवलास. तो तेव्हापासून शेगडीवरच आहे बरं का. एक दिवससुद्धा खाली उतरलेला नाही. तेव्हा काळजी नसावी.

निघताना गाडीत बसता बसता तू म्हणालीस, "आई, एकटीला झेपत नसेल तर सिअ‍ॅटलला चल. पुन्हा असं काही दिसलं तर मी विचारणार नाही, घेऊनच जाणार." तिथे माझ्यासाठी ठेवलेली खोली छान आहे, खिडकीतून पाणी दिसतं, सगळं खरं. पण मला माझ्याच शेगडीपुढे उभं राहायचंय, हे एकदा लिहून ठेवते.

बाकी बातमी अशी. समोरचा हर्शेल टॅकेट गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेक्सिंग्टनला गेलाय. त्याचा कॉकटील, म्हणजे पोपटाच्या जातीतला छोटा तुरेवाला पक्षी, माझ्याकडे ठेवलाय. नाव डीकन. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनसारखाच, कोणी काहीही बोललं की मान डोलावतो. एकटा ठेवला तर रुसतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरातच ठेवलाय. तुझे बाबा गेल्यापासून माझ्या बोलण्याला होकार देणारं घरात कोणी नव्हतं. बरं वाटतं.

टोमॅटो संपले. शेवटचे हिरवेच तळून खाल्ले. मुलांना माझे पापे दे.

तुझी आई


बेथेल क्रीक
९ नोव्हेंबर

जॅनेल बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, मागे शीळ कोण घालतंय?" मी म्हटलं, पक्षी. मग तू विचारलंस, "आणि पक्ष्याला गप्प बस म्हणणारा कोण?" त्यावर मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध नव्हतंच शेगडीवर. तुलाही ते कळलं असणार, तू माझीच मुलगी.

तर आता सगळं सांगते. सलग वाच, मध्येच फोन उचलू नकोस.

तो बिडाचा तवा शेगडीवरच आहे असं मी लिहिलं होतं. ते खरंच होतं. पण तो तिथे आहे कारण मला तो उचलत नाही. दोन्ही मनगटांत संधिवात आहे. पाण्याचा जग धरला तरी बोटं उघडतात. तू तो तवा ठेवून गेलीस त्या दिवशी मी दोन्ही हातांनी प्रयत्न केला आणि तो पायावर पडता पडता राहिला. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिकीट पाठवलं असतंस. म्हणून पुढच्याच आठवड्यात गावात जाऊन नवा नॉनस्टिक तवा घेऊन आले. पिसासारखा हलका. तू फोन करायचीस तेव्हा तो ओव्हनमध्ये लपवायचे, जणू फोनला डोळे आहेत.

त्याच्याबरोबर आलेला कागद मी वाचला होता. रिकामा तवा तापवू नये, आच मोठी ठेवू नये. वाचून ठेवून दिला. अंडी, बटाटे, सगळं मंद आचेवर छान होत होतं. मग एका रविवारी चर्चच्या जेवणासाठी मक्याचा पाव करायला घेतला, आणि तुला माहीत आहे आपल्याकडे तो कसा करतात. तवा आधी मोठ्या आचेवर रिकामा तापवायचा, बेकनच्या चरबीचा गोळा टाकायचा, धूर निघाला की पीठ ओतायचं. चर्र झालं नाही तर तो पाव नव्हे, खीर. माझी आई तसं करायची, तिची आई तसं करायची. ती सवय हातात मुरलेली, तिने कागद कुठून वाचावा! हाताने आपोआप बटण शेवटपर्यंत फिरवलं. तेवढ्यात चर्चमधून गोडाचे पदार्थ किती हवेत विचारायला फोन आला आणि मी बोलत बसले.

वास आला तेव्हा वाटलं शेगडीवर सांडलेली चरबी जळतेय. वळून पाहिलं तर डीकन पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता, पिसं फुगवून, चोच उघडी, शेपटी वरखाली. शेगडी बंद केली आणि पिंजरा उचलून ओसरीवर धावले. पाण्याचा जग न धरणारे हे हात, पण पिंजरा कसा उचलला ते देव जाणे. तशीच गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. रविवार असूनही त्याने दार उघडलं आणि ऑक्सिजन लावला. म्हणाला, "नॉनस्टिक जास्त तापलं की त्याचा धूर पक्ष्यांना मारतो. बहुतेक वाचत नाहीत. तुम्ही लवकर आणलात."

मला स्वतःलाही त्या संध्याकाळी हुडहुडी भरली होती, खोकला होता. दुसऱ्या दिवशी गेलं सगळं. हे तुला आत्ताच सांगतेय, म्हणजे रागवायचं ते एकदमच रागाव.

डीकन वाचला. पण खूप दिवस गप्प होता. मान डोलावणंसुद्धा बंद. हर्शेल घरी आला तेव्हा मी पिंजरा घेऊन त्याच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, हा आता ओरडणार. बायको गेल्यापासून हाच पक्षी त्याच्या सोबतीला. तर तो काठीवर रेलून म्हणाला, "पक्ष्याचं राहू दे व्हर्ना. धूर तुझ्याही छातीत गेला असेल. तू कशी आहेस?"

जॅनेल, मी तिथेच रडले. तुझ्या बाबांच्या अंत्यविधीला रडले नव्हते इतकी रडले.

मग त्याने विचारलं, "घरात बिडाचा तवा असताना हा पत्रा कशाला घेतलास?" मी म्हटलं, "उचलत नाही रे मला." आजवर हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मग हाक मारायला तोंड नव्हतं? माझा गुडघा मोडका, तुझी मनगटं मोडकी. दोघांचं मिळून एक धड माणूस तरी होईल."

तेव्हापासून तो रोज लंगडत रस्ता ओलांडून येतो. तवा तापवते मी, पीठ ओतते मी, ओव्हनमध्ये सरकवतो तो, काढतो तो. मग दोघं बसून घेवडा आणि मक्याचा पाव खातो. तवा घासून तेल लावायचं कामही त्याचंच, आणि मला बोट लावू देत नाही. त्याच्यात एकच अवगुण आहे, त्याला मक्याच्या पावात साखर लागते. मी म्हटलं, साखर घातली की तो केक होतो, आणि केक लग्नात खातात.

तो म्हणाला, "मग करू या की."

मी चमचा आपटला, "म्हातारपणी चेष्टा सुचते!" म्हटलं. त्याने चेष्टा केली नव्हती. दोन दिवस विचार करून मी हो म्हणाले. त्याच दिवशी डीकनने पहिली शीळ घातली, पण त्याचं श्रेय मी घेत नाही, डॉक्टरांनी औषध बदललं होतं.

तुझ्या नॉनस्टिकबद्दल म्हणशील तर मी तालुक्याच्या गृहविज्ञान कार्यालयातल्या बाईंना जाऊन विचारून आले. त्या म्हणाल्या, पूर्वी हे लेपन बनवताना जे वाईट रसायन वापरायचे ते आता इथे बंद झालंय. नव्याबद्दल अजून सगळं कळलेलं नाही. चुकून एखादा कण पोटात गेला तर तो तसाच बाहेर पडतो. पण मोठी आच नको, रिकामा तापवणं नको, धातूचा चमचा नको, लेप सुटला की फेकायचा, आणि पक्षी त्या खोलीत कधीच नको. म्हणजे तू अर्धी बरोबर आणि मी अर्धी. नवा तवा फक्त अंड्यांसाठी ठेवलाय. हर्शेलने डीकनला माझ्याकडेच ठेवलंय, पण तो आता पुढच्या खोलीत राहतो आणि तिथून शिव्या दिल्यासारखा ओरडतो.

लग्न या महिनाअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी, चर्चच्या मागच्या खोलीत. जेवण मीच करणार. हे मी विचारत नाहीये, कळवतेय. तुला राग येईल, कदाचित बाबांची आठवण येऊन वाईटही वाटेल. मलाही वाटलं. त्यांच्या कबरीपाशी जाऊन बसले, त्यांना आधी सांगितलं, मग तुला लिहायला बसले.

सिअ‍ॅटलची खोली आता मुलांना अभ्यासाला दे. ती मला लागणार नाही. माझी भीती एकच आहे, की यामुळे तू माझ्यापासून लांब जाशील. हे मी फोनवर कधीच म्हणू शकले नसते. मला तो हवाय बाळा, पण लग्नाला तुझ्याशिवाय उभं राहायचं नाही मला. ये. रागावलेली असलीस तरी ये. रागावून का होईना, माझ्या शेजारी उभी राहा.

इथेच राहणारी, तुझी वाट पाहणारी,
आई